रोझेट सक्युलंट: गॅलरीतल्या कुंडीपासून सरड्याच्या काचपेटीपर्यंत

एचेवेरिया हे वाळवंटातलं झाड नाही. सुरुवात इथूनच करतो, कारण घरातली बहुतेक रोझेट सक्युलंट, म्हणजे एचेवेरियासारखी गोल रचलेल्या मांसल पानांची झाडं, या एका गैरसमजापायी मरतात.

एचेवेरियाचं मूळ घर मुख्यतः मेक्सिकोतले डोंगरकडे. समुद्रसपाटीपासून हजार ते तीन हजार मीटरवर, खडकाच्या फटीत साठलेल्या मूठभर मातीत ती वाढते. दिवसा लख्ख ऊन, सूर्य मावळला की गारवा, आणि पाऊस कितीही पडला तरी मुळाशी थेंबभर थांबत नाही, सगळा कड्यावरून वाहून जातो. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, पण तिला झुडपाच्या बुंध्याची सावली लागते. तिच्या काही जाती तर अर्ध्या जमिनीत बुडून फक्त पानांची टोकं वर ठेवतात. सेम्परव्हायवम युरोपातल्या पर्वतांवर बर्फाखाली हिवाळा काढतं. एओनियम प्रामुख्याने कॅनरी बेटांवरचं आणि उन्हाळ्यात झोपणारं. ग्राप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्स नावात पॅराग्वे मिरवत असलं तरी मेक्सिकोचंच. एका मध्याभोवती गोल रचलेली मांसल पानं, एवढंच या सगळ्यांत साम्य. त्यामुळे ‘सक्युलंटला पाणी कमी घाला’ हा एकच नियम सगळ्यांना लावून भागत नाही.

आणखी एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं जातं. ही झाडं पानांवरची रंध्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात वापरायचा, अशी त्यांची रीत. म्हणून दिवसाच्या उन्हाइतकीच रात्रीची थंडी महत्त्वाची. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत एचेवेरिया घट्ट मिटते, कडांना गुलाबी रंग चढतो. तीच मुंबईत मे महिन्याच्या दमट रात्री मलूल होऊन बसते. माळ्याचा हात चांगला-वाईट असण्याशी याचा संबंध फार थोडा.

गावाप्रमाणे झाड निवडा

मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर पट्टेवाली हॉवर्थिओप्सिस (पूर्वी हिला हॉवर्थियाच म्हणत), तिचीच नातलग गॅस्टेरिया आणि ग्राप्टोपेटॅलम यांच्यापासून सुरुवात करा. देशावर, रात्री गार होणाऱ्या हवेत, एचेवेरियाच्या संकरित जाती मनासारख्या वाढतात. ‘पर्ले फॉन न्यूर्नबर्ग’ आणि ‘लोला’ या दोन नवख्यांना चांगल्या. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळा उत्तम जातो, पण मार्च ते जून पन्नास टक्क्यांचं हिरवं शेडनेट लागतंच. सेम्परव्हायवमच्या भानगडीत आपल्याकडच्या सपाटीवर पडू नये, ते उन्हाळा काढत नाही. जर्मनीत, इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या थंड राज्यांत राहणाऱ्यांनी मात्र तेच लावावं, बर्फातही अंगणात राहतं.

आपल्याकडे यातली बरीच रोपं कालिम्पाँग-दार्जिलिंगच्या बाजूने कुरिअरने येतात, मुळं उघडी, कागदात गुंडाळलेली. डोंगरातून आलेलं रोप आल्या दिवशी कुंडीत लावून पाणी घालायचं नाही. आधी खालची वाळकी पानं काढा. मोबाइलच्या टॉर्चने पानांच्या बेचक्यात बघा, कापसासारखं काही दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. तुटकी, काळी मुळं कापून टाका. दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी नुसतं पडू द्या. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी द्या. उन्हाची सवयही बेताबेताने लावा: पहिला आठवडा उजेडाची सावली, मग सकाळचं तासभर ऊन, मग दर काही दिवसांनी थोडं वाढवत जायचं. प्रवासातून आलेलं पान थेट एप्रिलच्या उन्हात गेलं तर दुपारपर्यंत त्यावर तपकिरी डाग पडतो आणि तो डाग पान गळेपर्यंत राहतो.

माती: इथे कंजुषी नको

मुळांना पाण्याइतकीच हवा हवी. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की दगड होते. कोकणातली तांबडी मातीही बारीक, चिकट. दोन्ही या झाडांना नकोत. मी हे प्रमाण वापरतो: दहा भागांत चार भाग सिंडर, म्हणजे जळलेल्या दगडी कोळशाची खडी, किंवा मिळालं तर प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड. दोन भाग विटांचा चुरा. एक भाग जाड वाळू. उरलेले तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत मिळून. खडीचे दाणे तीन ते सहा मिलिमीटरचे असावेत. सिंडर आणि विटांचा चुरा रव्याच्या चाळणीने चाळून खाली पडलेली धूळ फेकून द्या. लोक हीच पायरी टाळतात, आणि चार महिन्यांत तीच धूळ तळाशी बसून चिखल होतो. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं.

मिश्रण जमलं का, हे बघायला ते ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू न राहता सुटायला हवं. कुंडीत भरून वरून पाणी ओतलं तर काही सेकंदांत भोकातून बाहेर आलं पाहिजे.

कुंडी रोपापेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओल धरून ठेवते. दमट गावात मातीची कुंडी, कोरड्या नागपुरी उन्हाळ्यात प्लास्टिकचीही चालते. तळाशी खडीचा थर देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, त्याच्या वरच अडकून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे. आणि भोक नसलेल्या कपात, काचेच्या बरणीत लावलेली सक्युलंट कितीही गोड दिसली तरी घेऊ नका.

ऊन आणि पाणी

एचेवेरियाला सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं की काम झालं. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये दुपारनंतर पत्रा आणि भिंत दोन्ही तापतात, तिथे नेट लावा. हॉवर्थिया, गॅस्टेरिया खिडकीपासून दोन-तीन फुटांवरही नांदतात, फक्त जागा उजेडाची हवी. ऊन कमी पडलं की एचेवेरिया आधी खालची पानं वाकवते, मग मधलं खोड उंच होतं आणि पानांत अंतर पडतं. लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. वरचा शेंडा दोन-तीन सेंटिमीटर खोडासह कापा, चार-पाच दिवस सुकवा आणि नव्याने लावा. उरलेल्या खुंटावर बहुतेकदा पिल्लं फुटतात, म्हणून तो फेकू नका.

पाणी किती दिवसांनी, असं सगळे विचारतात. दिवस मोजण्याऐवजी कुंडी बघा. अगरबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. तिला ओल किंवा माती चिकटून आली तर थांबा. कोरडी आली तर पाणी द्या, आणि दिलं की तळातून वाहेपर्यंत द्या. चमचा-चमचा पाण्याने वरचा थर ओला होतो, खालची मुळं तहानेने मरतात. पानांवर फवारणी नको. रोझेटच्या मध्यात पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या.

अंदाजासाठी सांगायचं तर पुण्याच्या हिवाळ्यात माझ्याकडे आठ-दहा दिवसांनी पाळी येते. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी द्यावं, माती निवल्यावर. मृगाचा पाऊस सुरू झाला की कुंड्या छपराखाली घ्या. हवेतच इतका दमटपणा असतो की देशावर दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं, कोकणात त्याहूनही कमी. पावसाळ्यात पाण्यापेक्षा वाऱ्याची काळजी करा. दिवसातून काही तास साधा टेबलफॅन लावला तरी पानांच्या बेचक्यातली ओल उडते आणि कूज टळते. ऑक्टोबरचा उकाडा संपला की झाडं पुन्हा वाढीला लागतात. कुंडी बदलायची, खत द्यायचं ते तेव्हा, तेही निम्म्या मात्रेत.

झाड तहानलंय की कुजतंय, हे ओळखायला सर्वांत खालचं पान दोन बोटांत धरा. सुरकुतलेलं, लवचीक, पण खोडाला घट्ट असेल तर तहान. पिवळट, आरपार दिसणारं, पाण्याने भरल्यासारखं आणि हात लावताच गळणारं असेल तर कूज, तेव्हा पाणी ताबडतोब बंद. रोप उपटून स्वच्छ ब्लेडने खोडाच्या चकत्या काढत वर जा. प्रत्येक कापाआधी ब्लेड स्पिरिटने पुसा. काप सगळीकडे एकसारखा फिका दिसला, मध्ये एकही तपकिरी ठिपका उरला नाही, की थांबा. तो शेंडा आठवडाभर सुकवून कोरड्या मिश्रणावर ठेवा. अगदी तळाची पानं कागदासारखी वाळत असतील तर ते वयोमानाने होणारच, नुसती काढून टाकायची.

एक जपणूक एचेवेरियाचीच. तिच्या पानांवर पिठासारखा मेणचट पांढुरका थर असतो. तो तिची उन्हापासूनची छत्री. बोट लागलं की निघतो आणि त्या पानावर परत येत नाही. उचलायचं तर कुंडी धरून उचला. कडुनिंबाचं तेलही हा थर घालवतं. पिठ्या ढेकूण दिसला तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला बारीक कुंचला एकेका किड्याला लावा, तोही ऊन उतरल्यावर. आठवड्याने पुन्हा तपासा, कारण अंडी उरतात. फुलाच्या दांड्यावर मावा आला तर दांडाच कापून टाका.

पानापासून रोप

खालचं भरलेलं, निरोगी पान निवडा. बुडाशी धरून हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा, कट् असा बारीक आवाज येऊन ते सुटतं. खाली ओढू नका. सुटलेल्या पानाचं बूड बघा: बारीक चंद्रकोरीसारखी पूर्ण कड दिसली तर त्यातून रोप येण्याची आशा आहे, टोक फाटून खोडावर राहिलं असेल तर बहुधा नुसती मुळं येतात किंवा पान कुजतं. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून पानं कोरड्या मिश्रणावर आडवी मांडा, पुरू नका. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी मुळं आणि टाचणीच्या डोक्याएवढं रोझेट दिसतं. मुळं दिसल्यावरच त्या जागी थोडं पाणी द्या. आईपान आपोआप वाळून सुटेपर्यंत हात लावू नका, पिल्लू त्याच्यावरच जगत असतं. ग्राप्टोपेटॅलमला यात फारसं अपयश येत नाही. हॉवर्थियाचं पानापासून रोप व्हायला धीर लागतो, तिची बाजूची पिल्लं वेगळी करणं बरं.

काचपेटीत नेण्याआधी

हीच झाडं पाळीव सरड्याच्या काचपेटीतही लावता येतात, पण आधी प्राण्याबद्दल. घोरपड, सांडा, तारांकित कासव यांना भारतात घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तारांकित कासव २०१९ पासून साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टातही आहे. रानातला कुठलाही सरडा किंवा पाल पकडून आणू नये. परदेशी जातींपैकी ज्या साइटीसच्या यादीत आहेत, त्यांची नोंद २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. युरोमॅस्टिक्स या काटेरी शेपटीच्या सरड्यांची सगळी प्रजाती या यादीत येते. परदेशात असाल तर तिथला कायदा बघा. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत तिथल्याच बिअर्डेड ड्रॅगन या सरड्यासाठी परवाना लागतो.

या लेखापुरते दोनच प्राणी धरतो, लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल आणि बिअर्डेड ड्रॅगन. गेको अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या खडकाळ, कोरड्या माळांवरचा. ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला. दोघांच्याही मुलुखात एचेवेरिया उगवत नाही. तेव्हा काचपेटीतली सक्युलंट ही पाहुणी आहे आणि तापमान प्राण्याला हवं तेच ठेवायचं. झाड सुकतंय म्हणून उष्णतेचा दिवा कमी करणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

गेकोच्या पेटीत गरम बाजूचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश आणि थंड बाजू २४ ते २६ अंश लागते. ड्रॅगनला ऊन खायचा दगड ४० अंशांच्या आसपास हवा. झाड कायम थंड बाजूला. पान जिथे येणार त्या उंचीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून बघा, ३२ च्या वर आकडा गेला तर जागा बदला. दगडाजवळ ठेवलेली एचेवेरिया एका दुपारीत उकडते.

झाड निवडताना विषाचा विचार पहिला. युफोर्बियाचा चीक, अडेनियम आणि कलांचो (आपली पानफुटी ही कलांचोचीच एक जात) पेटीत नकोतच. कोरफडीचा पिवळा चीक रेचक असतो, पानं खाणाऱ्या ड्रॅगनजवळ ती ठेवू नये. अगेव्हच्या टोकाचा काटा डोळ्यात जाईल, म्हणून तीही बाद. एचेवेरिया आणि हॉवर्थिया विषारी नाहीत. गेको पानं खात नाही, तरी त्याच्या पेटीतही हाच नियम पाळा, कारण पेटीत सुटलेला रातकिडा पान कुरतडतो आणि गेको तो रातकिडा खातो.

माझी पसंती अशी: गेकोच्या पेटीत पट्टेवाली हॉवर्थिओप्सिस आणि गॅस्टेरिया. पानं कडक, उजेड कमी चालतो, वरून कोणी चढून गेलं तरी तुटत नाहीत. ड्रॅगनच्या पेटीत एचेवेरिया दिसायला सुंदर, पण तो ती खाईल किंवा तिच्यावर बसेल, हे धरूनच ठेवा. ग्राप्टोपेटॅलम तर नकोच, त्याची पानं धक्का लागताच गळतात.

पेटीत बसवण्याची पद्धत

नर्सरीतून आणलेलं रोप सरळ पेटीत जात नाही. आपल्याकडे रोपांना इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं सर्रास मारली जातात, ती पानाच्या आत असतात आणि धुऊन निघत नाहीत. मुळांची सगळी माती धुऊन काढा, रंगीत गोळ्यांचं हळूहळू विरघळणारं खत सापडलं तर एकेक गोळी वेचा, नव्या मिश्रणात लावा आणि दोन-तीन महिने गॅलरीत वाढू द्या. या काळात खत नाही, औषध नाही. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःच्या पानापासून केलेली रोपं वापरणं, त्यांच्यावर काय मारलंय हे तुम्हाला ठाऊक असतं. पेटीत जाणाऱ्या कुंडीत परलाइट घालू नका, ते पांढरे हलके दाणे जीभ लावणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातात. सिंडरचे बारीक दाणेही वर उघडे ठेवू नका.

झाड पेटीच्या मातीत थेट लावायचं नाही. पेटीतल्या थरात एक रिकामी कुंडी कडेपर्यंत पुरा. तिच्यात सहज बसेल अशा दुसऱ्या कुंडीत झाड ठेवा. वरून चपटे, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा मोठे दगड रचा, इतके मोठे की गिळता येणार नाहीत. भोवतीचे मोठे दगड थेट पेटीच्या तळावर टेकवा, वाळूवर नको. गेको खाली उकरतो आणि वाळूवर ठेवलेला दगड त्याच्या अंगावर बसू शकतो.

आता झाड वर येतं आणि खाली जातं, मातीला धक्का नाही. पाणी पेटीत द्यायचंच नाही. कुंडी उचला, मोरीत भरपूर पाणी द्या, रात्रभर निथळू द्या आणि सकाळी परत ठेवा. गेकोच्या पेटीतली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांवर ठेवायची असते. आत ओतलेलं पाणी ती वाढवतं आणि मुळंही कुजवतं.

उजेडासाठी प्राण्याचा यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा पुरत नाही. झाडाला दिसणारा प्रकाश हवा. साधी ६५०० केल्विनची एलईडी पट्टी थंड बाजूवर, पानांपासून १५ ते २० सेंटिमीटर वर, दिवसाला १२ तास टाइमरवर लावा. रात्री सगळे दिवे बंद. रात्रीची ऊब लागलीच तर ती उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरने, थर्मोस्टॅट लावून द्या. अंधारही या झाडांच्या कामाची वेळ आहे, आणि गेको तर अंधारातच जागा होतो.

रातकिडे पेटीत मोकळे सोडू नका. चिमट्याने भरवा किंवा उभ्या काठाच्या वाटीत द्या आणि उरलेले काढून घ्या. उपाशी रातकिडे रात्रीत रोझेटचा कोवळा गाभा पोखरतात, आणि गाभा गेला की त्या रोझेटची वाढ थांबते. खाद्यावर लावलेली कॅल्शियमची पूड पानांवर उडून बसते. हॉवर्थियावरची ती मऊ ब्रशने झाडता येते, एचेवेरियावर ब्रश फिरवलात तर तिचा स्वतःचा थरही जाईल, तिच्यावर फक्त हलकी फुंकर मारा.

शेवटचं आणि सर्वांत उपयोगी: प्रत्येक जागेसाठी दोन झाडं ठेवा, एकाच मापाच्या कुंड्यांत. एक पेटीत, एक गॅलरीत. एचेवेरिया तीन-चार आठवड्यांनी बदला, हॉवर्थिओप्सिस दोन-तीन महिने आत राहू शकते. बाहेर काढलेल्या झाडाला पहिले काही दिवस सावली द्या, मग सकाळचं ऊन. गॅलरीत विश्रांती घेणाऱ्या झाडावरही औषध मारायचं नाही, कारण त्याची पाळी पुन्हा येणार आहे. बदलाच्या दिवशी पुरलेली बाहेरची कुंडी रिकामी असते, तेव्हा तिच्या तळाशी बोट घालून बघा. ओल लागली तर पुढच्या वेळी झाड जास्त वेळ निथळू द्या. विष्ठा किंवा मेलेला किडा सापडला तर कुंडी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, आणि हात साबणाने धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला माणसाला लागू शकतो.